बारावा परवाना

लॉन्झो : ...म्हणजे चूक माझीच. अर्जातल्या त्या रकान्यात मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘जुनं लोकगीत, कर्ता अज्ञात’.

डेल्सी : बस आधी. कॉफी घे. सकाळची आहे.

लॉन्झो : सकाळची चालेल. तर बघ. तुझ्या होबर्टनं जाण्याआधी गायलेली डिस्क, तिच्यावर बारा गाणी. लिहिणाऱ्याचा परवाना हातात पडल्याशिवाय ओहायोचा तो डिस्क छापणारा कारखाना एक प्रत काढून देत नाही. नऊ गाण्यांचे परवाने आले. दोन खरोखरच जुनी, त्यांना मालक नाही. अडलं ते ‘उतारावरचा रस्ता’.

डेल्सी : तेही जुनं म्हणून पाठवलंस.

लॉन्झो : मग काय! तीन काउंट्यांत कुणाला पुरायचं असलं की हेच म्हणतात. बॅप्टिस्ट म्हणतात, मेथडिस्ट म्हणतात. माझी आजी तर सांगायची, तिच्या आजीनं शिकवलं म्हणून.

डेल्सी : तुझी आजी काहीही सांगायची.

लॉन्झो : ते आहेच. पण तीस वर्षं त्यावर बँजो वाजवला मी, आणि स्टेजवर दर वेळी होबर्ट म्हणायचा, ‘आता आपल्या डोंगरातलं एक जुनं गाणं.’ मग मी तरी काय लिहिणार? आणि काल परवान्याच्या कचेरीचं उत्तर आलं. गाणं जुनं नाही. वॉशिंग्टनला कॉपीराइटची नोंद आहे, एकोणनव्वद सालची. वाचू?

डेल्सी : वाच.

लॉन्झो : ‘शब्द आणि चाल, डेल्सी रूथ आयसन.’

(डेल्सी ओट्यावरचा मक्याचा पाव झाकून ठेवते आणि पुन्हा येऊन बसते.)

लॉन्झो : अगं, काहीतरी बोल.

डेल्सी : नोंद मी केलेली नाही.

लॉन्झो : नोंदीच्या अर्जावरचं अक्षर होबर्टचं आहे. ही नक्कल. ते त्याचं वाकडं ‘एच’.

डेल्सी : हं. त्याचंच.

लॉन्झो : तुला ठाऊक नव्हतं?

डेल्सी : नाही. मी त्याला सांगितलं होतं, म्हणायचं तर म्हण, माझं नाव घेऊ नकोस. जुनं आहे म्हण. तसं तो म्हणत राहिला. वॉशिंग्टनला काय कळवलं ते मला कळवलं नाही.

लॉन्झो : आणि खरंच तू लिहिलंस?

डेल्सी : लेक्सिंग्टनहून घरी येताना. तो गाडी चालवत होता. माझ्या मांडीवर पेटी होती.

लॉन्झो : कसली पेटी?

डेल्सी : तू तेव्हा डेट्रॉइटला होतास. मुलगी झाली होती आम्हाला. चार दिवस होती. हॉस्पिटलवाले म्हणाले, गाडी बोलवा. होबर्ट म्हणाला, आमची गाडी आहे. पेटी फार मोठी नव्हती. तिच्यावर पाकीट ठेवून लिहिता आलं.

लॉन्झो : डेल्सी...

डेल्सी : पाव घे. थंड झालाय, पण आहे.

लॉन्झो : तुमच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा वाजवलं गं मी ते. हसत हसत.

डेल्सी : चांगलं वाजवलंस. मध्ये जरा घाई करतोस. आता माझ्याकडून काय पाहिजे?

लॉन्झो : सही. हे गाणं आजवर कुठल्याच डिस्कवर आलेलं नाही ना, म्हणून तुझा होकार लागतो. वेष्टनावर तुझं नाव छापावं लागेल. आणि... डेकोरेशन डेला सगळे कबरी साफ करायला वर येतात, आयसनांच्या दगडांपाशी पाच मिनिटं उभे राहिले की गाणं कुणासाठी ते जुळवतील. तो छोटा दगड आहे ना, तुमच्या...

डेल्सी : हो. तोच.

लॉन्झो : मला वाटलं तो होबर्टच्या बहिणीचा.

डेल्सी : सगळ्यांना वाटतं. बाकीच्या नऊ गाण्यांच्या माणसांनी सह्या केल्या?

लॉन्झो : त्यांची गाणी आधीच बाहेर आलेली. तिथं कुणी अडवू शकत नाही. रीतसर नोटीस पाठवायची, ठरलेला दर भरायचा, छापायचं. नाही म्हणायची सोयच नाही.

डेल्सी : म्हणजे माझंही पुढे तसंच.

लॉन्झो : काय तसंच?

डेल्सी : आज मी हो म्हटलं की पुढच्या वर्षी टेक्सासातला कुणीही छापेल. मला विचारणार नाही.

लॉन्झो : नोटीस येईल तुला.

डेल्सी : नोटीस म्हणजे विचारणं नव्हे.

लॉन्झो : नाही. ‘नाही’ म्हणता येतं ते एकदाच. आत्ता.

डेल्सी : होबर्ट विचारायचा. प्रत्येक कार्यक्रमाआधी. व्हॅन लावली की हॉलच्या स्वयंपाकघरात यायचा. मी तिथं कॉफीची भांडी मांडत असायची. ‘आज म्हणू का?’ एवढंच. चार-पाच वेळा मी नको म्हटलं. मग त्या दिवशी गायला नाही तो.

लॉन्झो : आम्हाला सांगायचा, आज घसा बसलाय.

डेल्सी : घसा कधी बसला नाही त्याचा.

लॉन्झो : मग फेब्रुवारीत, हॉस्पिटलमध्ये... त्यानं मला पहिलं हेच सांगितलं होतं, डिस्क पुरी कर म्हणून. बाराही.

डेल्सी : मला नाही सांगितलं.

लॉन्झो : तुला विचारायचं राहिलं असेल त्याचं.

डेल्सी : असेल.

लॉन्झो : कारखान्याला सोमवारी कागद पाहिजेत. तुझ्यावर जोर नाही करत मी. करतोय थोडा. लोक त्या डिस्कसाठी थांबलेत ते याच गाण्यासाठी, तुलाही माहीत आहे. आणि होबर्टचा आवाज कुठल्याच गाण्यात तितका चांगला लागलेला नाही. ऐकवू? फोनवर आहे.

डेल्सी : नको.

लॉन्झो : कागद ठेवून जाऊ?

डेल्सी : घेऊन जा. अकरा पाठव.

लॉन्झो : डेल्सी, सगळी डिस्क त्या गाण्याकडे चढत गेलीय. ते काढलं तर मध्येच तुटल्यासारखं वाटेल.

डेल्सी : वाटू दे. तसंच झालं.