आमच्या बोटीला दाढी आली होती

...आणि वर मलाच विचारतात, तुझं तोंड का उतरलंय. उतरणार नाही तर काय होणार? तुम्हाला सांगतो, शिडाची बोट एक, तिचे मालक दोन, आमचे बाबा आणि मामा, आणि दोघांचं सगळं लक्ष वर. कठडा चकाचक, पितळेच्या कड्या अशा की बघून भांग पाडावा, दोऱ्या शाळेतल्या पोरांसारख्या ओळीने... आणि बोट? बोट चालत नव्हती. म्हणजे वारा होता, शीड फुगलेलं होतं, सगळं होतं, फक्त पुढे जाणं तेवढं नव्हतं. एकदा तर एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आपल्या टीचभर होडीतून आमच्या शेजारून पुढे गेल्या, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि जाता जाता विचारतात कशा, "नांगर उचललाय ना?"

बाबा म्हणाले, "वारा पडलाय." बाईंना कुठला वारा होता मग, घरून आणलेला? मामा म्हणाले, "भाऊजी, वारा नाही, शीड जुनं झालंय." आलं नवं शीड. आता बोट जास्त कलायला लागली, चालायची तेवढीच. मी म्हटलं, बाबा, खाली बघा. बोट बारा महिने पाण्यात उभी, तळाला शेवाळ धरलं असेल, शिंपले चिकटले असतील, अहो नुसता बुळबुळीत थर असला तरी वेग जातो, पाणी घसरायचं सोडून धरून ठेवतं. बाबा शांतपणे म्हणाले, "तळ कुणाला दिसतो?"

ऐकलंत? आपल्या सगळ्यांचं हे असंच आहे बघा. भिंतीला ओल आली, रंग द्या. कॉलेजचा निकाल घसरला, दारात कमान बांधा. वरून सगळं झकास, पण खाली बघणार कोण?

शेवटी दोघांनी चहा पिता पिता ठरवलं, बोट म्हातारी झाली, विकून टाकू. आई म्हणाली, "विका, निदान रविवारी माणसं घरात दिसतील." अहो, त्या बोटीच्या दोरीला धरून मी पोहायला शिकलो! ती म्हातारी नव्हती हो, तिला आंघोळ हवी होती. पण हे मी सांगतोय कुणाला, ज्यांनी धक्क्यावर विक्रीचा बोर्ड रंगवायला घेतला होता त्यांना. तोही सुबक अक्षरात.

मग गेलो मीच खाली. डोळ्यांना चष्मा, हातात ब्रश, छातीत श्वास. आणि काय सांगू... दाढी. हिरवीगार, वीतभर, पाण्यात डुलणारी दाढी, आणि तिच्या मुळाशी टणक पांढऱ्या शिंपल्यांची वस्ती, गल्ल्याबिल्ल्या पाडून राहिलेली. एक खेकडा तर मला बघून असा आत गेला, की मी न कळवता आलेला पाहुणा. म्हणजे वस्त्या उठवण्याविरुद्धच्या मोर्च्यात पुढे चालणारा मी, इथे उलटा लटकून वस्ती उठवत होतो. बरं, पात्याने खराखरा ओढायचीही सोय नाही. तळाला जो खास रंग असतो तोच या मंडळींना चिकटू देत नाही, तो खरवडला की ती दुप्पट येतात. म्हणजे जोर लावायचा, पण लावायचा नाही. श्वास धरून. कानात पाणी.

शनिवारपर्यंत एक बाजू झाली. रविवारी बाबांनी बोट काढली आणि ती आपली एकीकडे वळायला लागली. साहजिक आहे, एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर जंगल. बाबा मामांना म्हणतात, "बघ. आता तोलही जायला लागला." मामा हळहळले. मी ओरडून सांगतोय, तळ बघा, तळ... पण खाली बघणार कोण?

पुढच्या आठवड्यात दुसरी बाजू केली, सुकाणूही पुसलं. म्हटलं, आता रविवारी बोट पळाली की बाबा स्वतःच्या हाताने तो बोर्ड उतरवतील. आणि पळाली हो! अशी पळाली की मामांची टोपी मागे राहिली. बाईंना मागे टाकलं, बाईंचा चहा सांडला. बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी असं हसू... आणि त्याच फेरीला बोट बघायला म्हणून आलेले एक गृहस्थ आमच्यासोबत बसलेले. दातांचे डॉक्टर.

या माणसाने कड्या बघितल्या नाहीत. नवं शीड बघितलं नाही. धक्क्याला परत लागताच पालथा पडला, मान पाण्यापर्यंत नेली, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि म्हणाला, "किटण छान काढलंय. खालचा थर अजिबात दुखावला नाही. कुणी केलं?"

तुम्हाला सांगतो, इतक्या महिन्यांत पहिला माणूस, ज्याने खाली बघितलं! मग मी सुटलोच. रंगाचं सांगितलं, थराचं सांगितलं, ही म्हातारी नाही, अजून वीस वर्षं पळेल, हेही मीच सांगितलं. मूर्खासारखं. बाबा मध्ये मला थांबवत होते का? छे. ते अभिमानाने मान डोलवत होते.

डॉक्टर उठले, हात पुसले, म्हणाले, "घेतो. पण एक अट आहे. तळाला दर पंधरवड्याला याचाच हात लागला पाहिजे."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, भर धक्क्यावर, लोकांसमोर. म्हणाले, "येईल की. त्याला आवडच आहे."

जातो आता एकाआड एक रविवारी, पाण्याखाली श्वास घ्यायची नळीही डॉक्टरांनीच दिलीय. डॉक्टर वर वाऱ्याला बसलेले असतात, माणूस चांगला आहे, अधूनमधून कठड्यावरून वाकून विचारतो, "दुखत नाही ना?"

मी काय सांगणार? तोंडात नळी असते.