कडेची मोकळी पट्टी

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या संचालिका महोदया, व्यासपीठावरचे ज्येष्ठ पाहुणे, संस्थेतले सहकारी, बाईंचे यजमान, त्यांची मुलगी, आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या प्रयोगशाळेच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील, सांभाळून घ्या. आज पाच वाजता बाई निवृत्त होतील आणि त्यांचं सेवापुस्तक बंद होईल. त्यात सोळा वर्षांपूर्वीचा एक शेरा आहे : ‘निरीक्षणात काटेकोरपणा नाही.’ त्या शेऱ्यामुळे त्यांची बढती अडली, ती अडलीच. शेऱ्याखाली सही माझी आहे. पाचच्या आत तो शेरा रद्द झाला नाही, तर कायमचा राहील. त्यासाठी मी उभा आहे.

आम्ही रक्त वाहताना बघतो. हेच आमचं काम. भूल दिलेल्या उंदराच्या पोटातला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा, त्यावर कोमट मिठाचं पाणी ठिबकत ठेवायचं. मग केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक नळ्या दिसू लागतात. तांबडी पेशी नळीपेक्षा रुंद असते. ती दुमडते, अंग चोरते आणि निघून जाते. तिच्यामागे दुसरी. पंचवीस वर्षं बघतो आहे, अजून सवय झालेली नाही.

माझी अडचण अशी होती. काचेच्या तेवढ्याच बारीक नळीतून रक्त सहज जातं. जिवंत नळीतून जाताना मात्र अडतं, काचेतल्यापेक्षा कितीतरी जास्त. का? नळी तेवढीच, रक्त तेच. माझं सूत्र काचेला लागू पडायचं, जिवाला नाही.

बाई शेजारच्या टेबलावर मोजमापं घ्यायच्या. दिवा मंद ठेवून. आमची पोरं त्यांना ‘वीजबचत’ म्हणायची. बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना? मान हलवताहेत. ठाऊक होतं.

त्यांच्या वहीत दर पानावर एकच नोंद असायची : पेशी आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी पट्टी. जाडी केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. मी म्हणायचो, “बाई, फोकस नीट लावा.”

“लावलाय, सर. तुम्ही डोळा लावून बघा.”

“दिवा मोठा करा, म्हणजे पट्टीबिट्टी दिसणार नाही.”

“झोपलेल्याच्या तोंडावर टॉर्च कशाला मारायचा, सर?”

याला मी काटेकोरपणाचा अभाव समजलो. स्पष्ट दिसावं म्हणून माझ्या टेबलावरचा दिवा मी प्रखर करत गेलो होतो. माझ्याकडे पट्टी नव्हती, आणि माझं सूत्रही हळूहळू जुळत चाललं होतं. मी खूश होतो. त्याच वर्षी मी तो शेरा लिहिला.

चार वर्षांनी एका सकाळी माझा दिवा गेला. नवा यायला आठवडा होता. मी बाईंच्या स्टुलावर बसलो, नाइलाजाने. बघतो तर पट्टी होती. दोन्ही कडांना, स्वच्छ. पेशी मधून चालल्या होत्या आणि भिंतीला एकही शिवत नव्हती, जणू कोणी हात पसरून त्यांना दूर धरलं होतं. मला आणखी स्पष्ट बघायचं होतं. मी त्यांचाच दिवा मोठा केला.

काही मिनिटं गेली. पट्टी बारीक झाली. मग नाहीशी झाली. पेशी भिंतीला घासून जाऊ लागल्या, आणि रक्त सरसर वाहू लागलं. अगदी माझ्या सूत्राप्रमाणे.

मागून बाई हळूच म्हणाल्या, “गेली, सर.”

मित्रहो, त्या पट्टीत पोकळी नव्हती. भिंतीच्या पेशींवर आतून एक मऊ लव उगवलेली असते. साखरेच्या धाग्यांची, पाणी पिऊन फुगलेली, नितळ. म्हणून ती दिसत नाही. ती रक्ताला अडवते. आणि नुसती अडवत नाही, रक्ताची ओढ तिला जाणवते. ओढ वाढली की ती भिंतीला कळवते, आणि नळी सैल होते. प्रत्येक नळीत, प्रत्येक क्षणी. आपल्या अंगातल्या सगळ्या नळ्यांचं अस्तर पसरलं तर अशी कित्येक सभागृहं झाकली जातील. तुम्ही टाळ्या वाजवता तेव्हा तळहातांत ही लव काम करत असते. आणि ज्या उजेडात मी ती शोधत होतो, त्याच उजेडाने मी ती जाळत होतो. वर्षानुवर्षं. सूत्र जुळत होतं ते जळलेल्या नळीशी.

यावरचा शोधनिबंध छापून आला, त्यावर बाईंचं नाव पहिलं होतं. त्या म्हणाल्या, “नावाचं राहू द्या. दिवा किती ठेवायचा ते नीट लिहा, नाहीतर दुसरे पुन्हा जाळत बसतील.” त्यांची मुलगी हसते आहे. घरीही हेच ऐकत असणार.

शेऱ्याबद्दल मी त्यांच्याशी बोललो तो गेल्या आठवड्यात. बारा वर्षं उशिरा. मला वाटत होतं, त्यांना तो माहीतच नसेल. त्या म्हणाल्या, “वाचून सही केली होती, सर. तेव्हा तुम्हाला दिसत नव्हतं, तर तुम्ही दुसरं काय लिहिणार?”

संचालिका महोदया, शेरा लिहिणाऱ्याने चूक लेखी मान्य केली, तर संस्थाप्रमुख तो रद्द करू शकतात. कार्यालयात विचारून आलो आहे. माझा कबुलीजबाब तुमच्यासमोरच्या पाकिटात आहे. तुमची सही हवी. आता सव्वाचार झाले आहेत.

आयोजकांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बाई, ही सवलत मी तुमच्याकडे मागत नाही. तुम्ही ती सोळा वर्षांपूर्वीच देऊन टाकलीत, आणि मला ती नको आहे. मला ती सही हवी आहे.

मी इथेच उभा राहतो.