दगाभाऊचा तेलकट कापूस

चहा निवेपर्यंत आमच्या दगाभाऊचं ऐका. हा माझा चुलतभाऊ. लढाईच्या दिवसांत ब्राह्मणपुरीत विहिरीवर इंजिन होतं ते या एकट्याचं, आणि डिझेलची तर मारामार. कसंबसं एक पिंप मिळालं, ते घरात आणून हा नागोबासारखा राखत बसला. "चोरी गये त मन्हा ऊस वाळी जाई," हेच तोंडात. मी आपलं गमतीनं म्हटलं, "मंग कापूसमा पुरी दे ना, भाऊ!" घरात आढ्याला टेकेल एवढा कापसाचा ढीग होता. शहाण्यानं खरंच पुरलं, तेही आडवं! बूच गळतं का, कोण बघतो?

पंधरा दिवसांनी शहाद्याचे शेठजी कापूस घ्यायला आले. वर्षाचं पीक एका सौद्यात जायचं, म्हणून दगाभाऊ हात जोडून उभा. शेठजींनी वरचा कापूस चोळला, खूश झाले. पण जुना व्यापारी वरवर पाहून थोडाच घेतो? आत ओल आहे का बघायला त्यांनी ढिगात खांद्यापर्यंत हात खुपसला. बाहेर काढला तो कोपरापर्यंत डिझेलनं माखलेला, आणि वास असा की वहिनी नाकाला पदर लावून पळाल्या.

दगाभाऊ रडकुंडीला आला. "शेठजी, कापूस चांगला शे हो!"

शेठजी हात पुसत म्हणाले, "चांगलाच शे! लोके सरकी घाणामा टाकतस तव्हय तेल निघस. तुन्हा कापूस त ढिगमाच तेल दी ऱ्हायना! हाऊ माले नको, भाऊ, तुन्हा इंजिनलेच ईक."