चारशे बारा ठिपक्यांचा ळ

दोन हजार चौदा साल, एप्रिलचा तिसरा आठवडा, पंखा नुसती गरम हवा फेकतोय, आणि माझा धाकटा भाऊ मला... मला!... गोल कसा काढायचा ते शिकवतोय! तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षं मी पाट्या रंगवल्या, शिडीवर उभं राहून, एका दमात, एका फटकाऱ्यात; आणि हा तेव्हा काय करायचा? ब्रश धुवायचा, शिडी धरायचा! त्यानं एकदा गोल काढला, तर लोक विचारायला लागले, "बटाट्याचं दुकान निघतंय का इथं?" तोच हा आता खुर्चीत बसतो, माऊस सरकवतो, आणि अख्ख्या रस्त्याच्या पाट्या ह्याच्या! हेवा? मला? छे!

गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थोडा... थरथरत नाही हो, थांबून विचार करतो. झालं! बायकोनं सुरू केलं, "अहो, हे काय शिडीवर चढायचं वय आहे? भावजींकडे जाऊन ते मशीन शिका. भावजी बघा, शर्टाला रंगाचा एक डाग नाही!" बेचाळीस वर्षांत माझ्या एका पाटीला 'बरी आहे' म्हणाली नाही, आणि ह्याच्या शर्टाचं कौतुक! पण हेवा? छे!

मी गेलोच नसतो. पण 'डोळस चष्मे' या दुकानाची पाटी नव्यानं करायची निघाली. ती पाटी तीन वेळा मी रंगवली, मीच! आणि मालकीणबाई म्हणतात, "पेंटरकाका, या वेळी कापून चिकटवायची अक्षरं हवीत, चकचकीत. तुम्ही कराल, की तुमच्या भावाला सांगू?" त्या 'की'नं माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उद्या संध्याकाळी दोघांचाही ळ आणतो. आवडेल त्याला काम द्या." ळच का? कारण सगळ्यात अवघड तो. दोन पोटं, एक गाठ. भल्याभल्यांचा हात तिथं घसरतो.

म्हणून गेलो. धाकटा सांगतोय, "दादा, हे बघ, इथं एक नोड, तिथं दुसरा. मधली रेघ आपोआप वळते." नोड म्हणजे ठिपका हो! त्या ठिपक्याला दोन्ही बाजूंनी मिशा फुटतात. मिशी ओढली की रेघ वाकते, जास्त ओढली की पोट सुटल्यासारखी फुगते. मिशा ओढून अक्षर येत असतं, तर सगळे न्हावी पेंटर झाले असते!

"ळला चौदा नोड पुरेत, दादा. कमी लाव."

कमी? आमच्या धंद्यात मोठं अक्षर भिंतीवर उतरवायचं, तर आधी कागदावर काढायचं, कडेकडेनं सुईनं भोकं पाडायची, वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की भिंतीवर ठिपक्यांचं अक्षर उमटतं. भोकं जेवढी दाट, तेवढं वळण गुळगुळीत. हे मला कळतं, ह्याला काय कळणार? लावला एक ठिपका. त्याला चिकटून दुसरा. तिसरा... मान आखडली, चहावर साय धरली... चारशे बारा! पडद्यावर ळ कुठला, मुंग्यांची वरात!

"दादा, मशीन प्रत्येक नोडला..."

"गप्प. जा, ब्रश धू."

ब्रश होताच कुठं तिथं? पण गेला बिचारा बाहेर. मी अक्षरं कापायच्या मशीनचं बटण दाबलं.

आणि काय सांगू! ते पातं प्रत्येक ठिपक्याला थांबतंय, दचकतंय, पुन्हा निघतंय... टक, टक, टक... लाल व्हिनाइल, म्हणजे तो चिकटवायचा प्लास्टिकचा कागद, फाटलं, पात्याला गुंडाळलं, मशीननं मागचा अख्खा रोल आत ओढून त्याचा चोळामोळा केला, आणि बाहेर काय आलं? उंदरानं कुरतडलेलं पायपुसणं! धाकटा धावत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं हो. म्हणतो कसा, "असू दे, दादा. सुरुवातीला होतं असं." सुरुवातीला! मला!

मग तो बसला. चौदा ठिपके. इकडची मिशी ओढली, तिकडची सोडली, आणि पडद्यावर ळ उभा. मी बघतच राहिलो. तीच पोटं, तीच ऐट...

"हा माझा आहे. कुठून चोरलास?"

"चोरतोय कशाला? वीस वर्षं तुझी शिडी धरली, दादा. वर बघण्यावाचून दुसरं काम काय होतं?"

आणि खरं दुखणं पुढंच आहे. त्या गाठीत माझा हात जरासा घसरायचा. कुणाला दिसत नसे, मला दिसे. ह्याचा घसरलेला नव्हता. माणूस शेजाऱ्यावर जळतो, भावावर जळतो... मी माझ्याच ळवर जळलो!

संध्याकाळी दुकानात नेला. मालकीणबाईंनी विचारलं, "एकच? हा कुणाचा?"

आता खोटं बोललो असतो, तर कोण धरणार होतं? अक्षर तर माझंच! पण गाठ समोर दिसत होती.

"धाकट्याचा," म्हटलं. "माझा मशीननं खाल्ला."

काम त्याला मिळालं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तसाच लाल रोल आणला, तेवढाच, त्याच रंगाचा. त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे काय, दादा?"

"रोल. बघून घे."

त्यानं टोक उलगडून बघितलं. "बरोबर आहे."

"झालं तर मग."