मामा बेआचं वावर

माझं माहेर रानीसावरगावचं आन् सासर झरीचं, म्हंजे परभनी जिल्ह्याच्या भाईर मी कवा गेलेच न्हाई, लगीन झाल्यावर एकदा तुळजापूरला तेवढी, आन् आता राहायला कुठं हाय तर काँगोत, आफ्रिकेत, जंगलाच्या कडंला. काय सांगू ताई तुमाला, मलाच कवा कवा खरं वाटत न्हाई. माझं नाव सुनंदा. आमचे मालक बळीराम, ते साखर कारखान्यावर बायलरला व्हते, भट्टी सांभाळायचे, तो कारखाना बंद पडला आन् हे घरी बसले. त्यांच्या संगट काम करनारा एकजन आधीच काँगोला गेलता, तिथं लाकडाचा कारखाना हाय, मोठमोठी झाडं कापायची, प्लायवूड करायचं, त्याला बी बायलर लागतोच, तर त्यानं फोन केला का तू ये, क्वार्टर भेटतं, घरची मानसं बी आनता येतेत.

घरची मानसं म्हंजे मी, आमची लेक आन् आत्याबाई, माझी सासू. लेकीची शाळा व्हती म्हनून तिला पोखर्नीला ननंदेकडं ठिवायचं ठरलं. ननंद म्हनली, आईला बी माझ्याकडंच ठिवा वहिनी, एवढ्या लांब म्हातारं मानूस कोन नेतं का. तिचं खरंच व्हतं. पन आत्याबाई ऐकनात, जावयाच्या घरी मी पाव्हनी जाईन म्हनल्या, राहायला जानार न्हाई, माझा ल्योक जिथं तिथं मी. पासपोर्टच्या फोटूला डोक्यावरला पदर मागं घ्या म्हनला फोटूवाला, तर त्याच्यासंगट अर्धा दिस भांडल्या. पन गेल्या.

तिथं नदी हाय, आपल्या गंगेच्या, गोदावरीच्या, कितीतरी पट, रंग चहासारखा, लाँचनं जावं लागतं. क्वार्टर टिनाच्या छताचं, मागचं दार उघडलं का जंगल. आपल्याकडं कसं, कुठं बी उभं राहा, काळं वावर दिसतं पार आभाळ टेकेस्तोर, तिथं नजर जातच न्हाई कुठं, लगेच झाडाला अडकते. धुतलेलं लुगडं वाळत न्हाई. ज्वारी न्हाई. तिथल्या कंदाचं पीठ असतं, कसावा म्हनतेत, त्याची भाकर थापाय गेले तर नुसता चिकट गोळा झाला हाताला. मालक कामावर गेले का मी दाराला कडी लावून रडायचे. आमच्या कॉलनीत आनखी तीन-चार बिऱ्हाडं व्हती, गुजराती, तमिळ, बाया चांगल्या व्हत्या, पन बोलायचं काय आन् कोनत्या भाषेत.

आत्याबाईचं मातर येगळंच झालं. कुंपनाच्या पल्याड गाववस्ती हाय, तिथं एक म्हातारी राहाती, बेआ तिचं नाव, सगळे तिला मामा बेआ म्हनतेत. तिकडं बाईलाच मामा म्हनतेत. आत्याबाई म्हनल्या, अगं ही बाई हाय का मामा हाय, आन् एकट्याच हसत बसल्या. तर ही मामा बेआ आत्याबाई दिसल्या का रोज हाक मारायची, याया, याया. आत्याबाईला वाटलं ती बोलवायली, या या म्हनायली, एवढं अगत्यानं कोन बोलवतंय म्हनून त्या रोज जायच्या. लय दिसांनी मला कळलं का याया म्हंजे त्यांच्यात थोरली बहीन. तवर दोघीचं जमून गेलतं. आत्याबाई मराठीत बोलायच्या, ती तिकडच्या लिंगाला भाषेत बोलायची, दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या, कुनाचं कुनाला काय कळत व्हतं देवाला ठाऊक. एक दिस आत्याबाई पदरात पाला घेऊन आल्या, बघते तर आंबाडी. आपलीच आंबाडी, तीच लाल देठाची, बेआच्या दारात लावलेली. मी तिची भाजी केली, लसनाची फोडनी दिली, आन् त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले. त्या दिसापासून दाराची कडी काढली म्हना. मी बी आत्याबाईच्या मागं मागं जाय लागले, भाषा शिकले मोडकीतोडकी, कसावा कसा भिजवायचा ते शिकले.

मग तिथलं सगळं बिघडलं. निवडनूक झाली, कोन जिंकलं कोन हरलं त्याच्यावरून मारामाऱ्या, शहरात दुकानं लुटली, भाईरच्या लोकांची आधी. नदीवरच्या लाँचा बंद, रस्त्यावर बंदुकीवाले. कारखाना थांबला. करवतीचा आवाज बंद झाल्यावर कळलं जंगलाला किती आवाज असतो, जीव घाबरा व्हायचा. कंपनीनं सांगितलं, शेवटची एक लाँच राजधानीला जायली, बायामानसांनी निघून जावं. सगळ्या गेल्या. पन आत्याबाईला ताप व्हता, छाती भरलेली, बसनं व्हईना. मालक म्हनले, तू जा, मी आईपाशी राहातो. मी म्हनले, तुमी बाप्यामानूस, तुमाला त्यांचं काय काय करता येनार हाय. न्हाई गेले. खरं सांगू, भ्याव लय वाटत व्हतं, पन त्यांना ठिवून लाँचमधी माझा पाय पडला नसता.

मामा बेआ रोज यायची. कसला तरी पाला उकळून पाजायची, केळी आनायची, एकदा वाळलेली मासळी आनली, आमी माळकरी, खात न्हाई म्हनल्यावर ती वापस नेली आन् शेंगा घेऊन आली. तिचे लेक आन् वस्तीतले बापे आमच्या फाटकावर बसून राहायचे, मालक बी त्यांच्यातच, कुनी येताना दिसलं का तेवढे आत जायचे. मग वस्तीवाले म्हनायचे, इथं काय न्हाई, सगळे गेले.

एक दिस सकाळी आत्याबाईला जरा हुशारी वाटली. वेनी घाल म्हनल्या. मी केस इंचरायले तर म्हनल्या, सुनंदा, मला मातीत ठिवू नको गं, आपल्या रीतीनं जाळा. मी म्हनले असं काय बोलता आत्याबाई, रस्ता सुरू झाला का आपन झरीला जाऊ. दुपारी मामा बेआ त्यांचा हात धरून बसली व्हती, तिच्याच हातात गेल्या.

आता पुढं काय. झरीला न्यायचं तर लाँच न्हाई, इमान न्हाई. त्या लोकांत पुरतेत, जाळतेत कोनाला ठाऊक न्हाई. वस्तीचा पाटील आला, म्हनला जागा देतो, पेटी करून देतो, पन आग नको, धूर दिसला तर बंदुकीवाले येतेत, आन् मानूस जाळायचं म्हंजे आमची लेकरं भेतेत. त्याचं बी चुकत न्हवतं. मालक पायरीवर बसले डोकं धरून. ज्या मानसानं सारी जिंदगी भट्टी पेटती ठिवली, त्याला मायसाठी लाकूड रचता येईना. मला ते बघवेना.

मी मामा बेआला सांगितलं, तुझ्या यायाची आखरी इच्छा हाय, तिला जाळायचं. तिनं ऐकून घेतलं. मग उठली आन् पाटलाम्होरं जाऊन उभी राहिली. तिकडं कसाव्याच्या पेऱ्याआधी जंगलाचा तुकडा तोडून वाळवतेत आन् पेटवतेत, वावर करायसाठी. बेआचं वावर नदीच्या काठाला तोडून ठिवलेलं व्हतं. ती पाटलाला म्हनली, मी आज माझं वावर जाळनार हाय. धुराचं कोन इचारलं तर हेच सांगायचं. आन् माझी बहीन माझ्या वावरात झोपली तर त्याच्यात तुजं काय जातंय.

मग पाटीलच उठून लाकडं घ्यायला गेला.

वस्तीतल्या बापे मानसांनी एका मोठ्या झाडाचा वाळका बुंधा फोडला, मालकांनी सांगितलं तसं रचलं. मी आत्याबाईला आंघूळ घातली, झरीहून आनलेलं हिरवं लुगडं नेसवलं, बेआनं माझ्या बरोबरीनं पानी घातलं. तुळस न्हवती, गंगाजळ न्हवतं. मालकांनी अग्नी दिला. लेकरं लांब उभी व्हती, बाया आधी भ्याल्या, तोंड फिरवलं, मग बेआ खाली बसली आन् गानं म्हनाय लागली, हळूहळू सगळ्या बसल्या. ती सांज हुईस्तोर उठली न्हाई, तोंडावर राख उडायली तरी.

रस्ते सुरू झाल्यावर आमी अस्थी घेऊन आलो, गंगाखेडला गंगेत सोडल्या. ननंद माझ्याशी बोलंना. आईला जंगलात नेलं, परक्या मुलखात परक्यांनी जाळलं, मला तोंड बी दिसलं न्हाई, असं म्हनली, आन् ऐकून घेतलं मी, तिची माय व्हती. मग एक दिस तिच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, वेनीपासून राखेपर्यंत. मग इचारली, रडलं कोन गं आईसाठी. मी बेआच्या लेकाला फोन लावला, व्हिडिओ. मामा बेआ दिसली. ननंदेचं तोंड आत्याबाईवानीच हाय, सेम तेच नाक, बेआनं बघितलं आन् तोंडावर हात ठिवला. दोघीला एकमेकीचा एक शब्द कळला न्हाई. दोघी रडायल्या, मी मधी फोन धरून.

कारखाना परत सुरू झाला, आमी माघारी काँगोला गेलो. आता भाचीच्या लग्नाला आलते, परवा निघायचं. लेक आता परभनीला कॉलेजला हाय, होस्टेलला, ती म्हनती आई नको जाऊ, तिथलं काय खरं न्हाई. खरंच हाय, तिथं अजून पुरतं थंड झालेलं न्हाई, कवा काय पेटंल सांगता येत न्हाई. पन मालकाचं काम तिथं हाय, आन् मला बी आता इथं आले का चार दिसांनी तिथली आठवन यायली, हे कुनाला सांगावं. काल ननंद पोखर्नीहून आली, बेआसाठी इरकल लुगडं घेऊन. म्हनली, नऊवार तिला नेसता यायचं न्हाई, तू नेसव. आन् म्हन, तुजी एक लेक पोखर्नीला राहाती. तर तेवढं घेऊन निघाले बघा ताई. सुखी राहा तुमी बी.