लोखंडाच्या गावात रस्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक आदरणीय आनंदरावजी, रसमड्याच्या कारखान्यातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, तिथले मेंटेनन्स मॅनेजर श्री. शेषरावजी, आजच्या सत्कारमूर्ती चारुलताताई, मोहन नगरहून आलेले त्यांचे कुटुंबीय, कंपनीतले माझे सहकारी, आणि मागच्या दारातून येणाऱ्या भज्यांच्या वासाकडे पाठ करून माझ्याकडे बघण्याचं सौजन्य दाखवणाऱ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मी दिवाकर, कार्यालयाचा व्यवस्थापक. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. रजा, चहा, जनरेटर आणि वैशाली नगरातल्या आपल्या कार्यालयाची गेलेली लाइट, हे माझे विषय. मग ताईंच्या कामाबद्दल मी काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. उत्तर सोपं आहे. माझं टेबल ताईंच्या केबिनच्या अगदी बाहेर आहे आणि त्या केबिनचं दार नीट लागत नाही. ते दुरुस्त करून घेण्याची जबाबदारीही माझीच आहे, आणि ती मी आजवर अतिशय काळजीपूर्वक टाळली आहे. त्यामुळे मला सगळं माहीत असतं.

आमची कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते, हे आपण जाणताच. ताई पहिल्यापासून आमच्यात आहेत. निवृत्ती दिसू लागल्यावर माणसं काय करतात? तीर्थयात्रेची चौकशी करतात, गुडघ्यांची काळजी घेतात. आमच्या ताईंनी नवी भाषा शिकायला घेतली. माणसांची नव्हे, प्रोग्रामिंगची. तिचं नाव रस्ट.

आता रस्ट म्हणजे गंज. भिलाईत, जिथे अर्ध्या घरांची चूल लोखंडावर पेटते, तिथे ही बाई मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली, "साहेब, यापुढचं काम आपण रस्टमध्ये करू."

अध्यक्षमहोदय, क्षमा असावी, पण त्या वेळचा आपला चेहरा मी विसरू शकत नाही. आपण म्हणालात, "ताई, लोखंडाच्या गावात आपन गंज विकायचा? कावून?"

आणि शेषरावजींना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी फोनवर काय विचारलं? "मॅडम, हमारी क्रेन में रस्ट डालोगे? वो तो पहले से बहुत है!" शेषरावजी हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतं आहे.

गंमत इथवर ठीक होती. पण त्याच सुमारास आमच्याकडे गंधार आला. समोर बसला आहे, उभा राहू नकोस, सगळे ओळखतात. गंधार हुशार, गोड बोलणारा, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा. त्याचं म्हणणं होतं, "मॅडम, आता भाषा-बिषा कौन सीखता है? एआयला साध्या बोलीत सांगा, तो प्रोग्राम लिख देगा." साहेबांना हे फार आवडलं. साहेब मला म्हणाले, "दिवाकर, दोन वर्षांत प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे टाइपरायटर होऊन जाईन. ताई निवृत्त झाल्या की त्यांच्या जागी कोनाले घ्यायचीच गरज नाही."

दार, जसं मी सांगितलं, नीट लागत नाही. ताईंनी ते ऐकलं. दुपारभर त्या केबिनबाहेर आल्या नाहीत. चहा नेला तर म्हणाल्या, "दिवाकरभाऊ, माणूस जाते त्याचं काही नाही. पण मी जे करून राहिली ते कोनाले लागतच नाही, असं वाटलं ना, की मंग रोज इथं यायचं कायले?"

मग साहेबांनी तोडगा काढला. शेषरावजींच्या कारखान्यासाठी एक काम आलं होतं. शेडच्या छताखाली रुळांवरून फिरणारी मोठी क्रेन असते. तिची दुरुस्ती करायला फिटर वर चढतो. तो वर असताना खालून कोणालाही करंट सुरू करता येऊ नये, असं कुलूप प्रोग्रामनं लावायचं होतं. साहेब म्हणाले, एकच वाक्य, एकच एआय. गंधार त्याच्याकडून त्याच्या आवडीच्या सैल भाषेत लिहून घेईल आणि ताई रस्टमध्ये. ज्याचं आधी चालेल ते खरं.

चाचणीच्या दिवशी खरा करंट जोडलेला नव्हता, पडद्यावरच सगळं होतं. शेषरावजी आले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फिटर बळीराम आले होते. दुसऱ्या दिवशी क्रेनवर त्यांनाच चढायचं होतं. समोसे मी मागवले होते, म्हणजे व्यवस्था चोख होती.

गंधारनं वाक्य टाकलं, "कल वाले मेंटेनेंस के टाइम क्रेन लॉक रखो." एआयनं भराभर प्रोग्राम लिहिला. तो चालला. पडद्यावर हिरवा दिवा, खाली 'लॉक लग गया'. टाळ्या! साहेबांनी पहिला समोसा गंधारला दिला.

मग ताईंची पाळी. तेच वाक्य, तोच एआय. त्यानं रस्टमध्ये लिहिलं, आणि प्रोग्राम चालण्याआधीच पडद्यावर लाल ओळी. रस्टचा कंपायलर म्हणजे प्रोग्राम चालू होण्याआधी तो तपासणारा. आमच्या शाळेत एक गुरुजी होते, नखं तपासल्याशिवाय वर्गात घेत नसत, तशी त्याची प्रकृती. त्यानं साफ नकार दिला.

"ताई," साहेब हळूच म्हणाले, "तुमचं गंजलं वाटते."

लोक हसले. मीही हसलो. ताई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. चष्मा पुसला, लाल ओळी वाचल्या, आणि आम्हा अडाण्यांसाठी मोठ्यानं मराठीत सांगितलं, "हा म्हणून राहिला की तू मले होऊन गेलेली तारीख देऊन राहिला. मले येनारी तारीख पायजे."

कोणाला काही कळेना. ताईंनी मग समजावलं. त्यांनी आधीच रस्टमध्ये पायाच असा घातला होता, की झालेली तारीख आणि येणारी तारीख या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू. एकीच्या जागी दुसरी चालायची नाही. कुलूप फक्त येणारी तारीख घेणार. "आता सांग गंधार, 'कल' म्हणजे काय?"

"कल मतलब... उद्या."

"अन् काल?"

गंधारचा समोसा हातातच राहिला.

बंधुभगिनींनो, आपण सगळे हिंदीत वाढलो, पण कधी लक्ष दिलंय का? 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. आपल्याला संदर्भानं कळतं. त्या क्रेनला आदल्या दिवशी ग्रीसिंग झालं होतं, त्याची मेंटेनन्स म्हणून नोंद होती. एआयनं 'कल वाले' म्हणजे ते धरलं. गंधारच्या भाषेला तारीख म्हणजे तारीख. तिनं निमूटपणे कालच्या दिवसाला कुलूप लावलं आणि हिरवा दिवा दाखवला. उद्याचा दिवस मोकळाच!

मागून बळीराम म्हणाले, "म्हंजे साहेब, मी उद्या वरते असतो, अन् क्रेन चालू होऊ शकत होती?"

शेषरावजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

त्यानंतर दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी गंधार ताईंच्या दारात उभा राहिला. "मॅडम, मुझे रस्ट सिखाओगे?" मी कान टवकारले. मला वाटलं, आता ताई चांगल्या सुनावतील. ताई म्हणाल्या, "शिकवीन. पन तू मले तुझं ते एआय शिकव. मी त्याच्याशी बोलाले गेली, की तो मलेच 'बहुत बढ़िया सवाल' म्हणते. मले कोनी उगाच चांगलं म्हटलं की भीती वाटते."

मग त्या केबिनमध्ये जी शाळा भरली, तिचा मी एकमेव साक्षीदार. ताई एआयला शुद्ध मराठीत 'कृपया' आणि 'आभारी आहे' म्हणायच्या. गंधार कंपायलरशी भांडायचा, "अरे यार, मान जा ना!" ताई म्हणायच्या, "तो नाही मानत, म्हणूनच तर तो आहे." पण ताईंनी हेही कबूल केलं, की एआय सकाळभरात जेवढं लिहितो तेवढं लिहायला त्यांना आठवडा लागला असता. एकदा मी विचारलं, मग भाषा उरली कशासाठी? ताई म्हणाल्या, "पहिले आपन लिहायचो अन् मशीन वाचायची. आता मशीन लिहीन अन् आपल्याले वाचा लागन. मंग भाषा अशी पायजे भाऊ, की तिच्यात लपाले जागा नसावी."

मी प्रोग्रामर नाही, पण एवढं मला समजलं.

ते काम दोघांनी मिळून पूर्ण केलं. त्या चाचणीनंतर पुढे ढकललेली क्रेनची दुरुस्ती नव्यानं ठरली. प्रोग्राम तपासला गेला, कंपायलर खूश, चाचण्या झाल्या. ताईंचं काम संपलं होतं. तरी त्या दिवशी त्या रसमड्याला गेल्या. मी गाडी घेऊन बरोबर होतो. शेडमध्ये पिवळ्या रेषेच्या बाहेर, डोक्यावर नाकापर्यंत येणारं हेल्मेट घालून ही बाई वर बघत उभी. बळीराम वर, ताई खाली. पाय दुखत होते, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

गंधार म्हणाला, "मॅडम, कंपायलर ने तो पास कर दिया ना? फिर क्यों खड़े हो?"

ताई वरून नजर न काढता म्हणाल्या, "त्यानं प्रोग्राम पास केला रे. मानूस अजून वरच आहे."

बळीराम उतरले, हात पुसले, आणि म्हणाले, "काय मॅडम, मान दुखली असन तुमची." तेव्हा कुठे ताई खुर्चीत बसल्या. बळीराम आज तिसऱ्या रांगेत सपत्नीक बसले आहेत. कलावतीवहिनी, आपलंही स्वागत.

पुढचं थोडक्यात सांगतो, भजी गार होताहेत. साहेबांनी मोठ्या मनानं ताईंना आणखी एक वर्ष थांबण्याची विनंती केली. ताईंनी विचार करते म्हणून सांगितलं. आम्हाला वाटलं, थांबतील.

मागच्या आठवड्यात ताईंनी आपला एक प्रोग्राम तपासायला गंधारकडे दिला. थोड्या वेळानं तो परत आला. गंधारनं तो नाकारला होता! चूक नव्हती. कंपायलरनंही पास केला होता. पण आतल्या वस्तूंना ताईंनी अशी नावं दिली होती, जी फक्त ताईंनाच कळतील. गंधारनं खाली लिहिलं होतं, 'मॅडम, आपके जाने के बाद ये कौन समझेगा? कृपया बदला. आभारी आहे.'

ताई केबिनमधून बाहेर आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या टेबलावर हात टेकून म्हणाल्या, "दिवाकरभाऊ, पोरानं मले नापास केलं!" मग आत गेल्या, सगळी नावं बदलली, आणि साहेबांना जाऊन सांगितलं, की वर्षभर थांबायची आता गरज नाही.

अध्यक्षांनी मी केलेली थट्टा सहन केली, पाहुण्यांनी भर दुपारी रसमडा सोडलं, सभागृहाच्या मंडळींनी पंखे चालू ठेवले, या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर तो दोष माझ्या जिभेचा समजून पोटात घालावा. मी माइक ताईंकडे देतो. ताई, बोला. गंधार समोर बसून ऐकतो आहे, जपून बोला.