डायरी बसली पूजेला

…आन् ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा! डायरी माझी, अक्षर माझं, आन् मलाच हात लावायला बंदी! का, तर आज खंडेनवमी. आमचं कुपवाडात लेथचं वर्कशॉप हाय, छोटंच. नवमीला सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडू… आन् एकदा पूजा झाली की दसऱ्यापतुर कशाला हात लावायचा न्हाई. बरोबरच हाय की! पण आमच्या आईनं पान्याच्या शेजारी माझी डायरी मांडली! "आगं आई, ही कशाला?" तर म्हणती कशी, "तूच म्हणालास न्हवं, हिच्याबिगर माझं चालत न्हाई? मग हत्यारच की ते!"

आता बोला!

डायरीचं आसं हाय… थांबा, हे आधी सांगायचं होतं. चाळिशी उलटल्यावर डॉक्टर मला म्हणाले, एडीएचडी. म्हंजी डोकं जाग्यावर, ध्यान गावभर. गोळ्या दिल्या, वर म्हणाले, "अवधूतराव, मोबाईलमध्ये नको. हातानं लिहून ठेवा." लिहून ठेवा! 'पट्टा आणणे' लिवलं, त्याच्या शेजारी बैल काढला, बैलाला झूल काढली, झूल रंगवली… पट्टा ऱ्हायला! पण तुमाला सांगतो, हळूहळू जमाय लागलं.

तवर ते मिरजेचं झालं. ज्ञानदाला, म्हंजी बायकोला, स्टेशनवरनं आणायला गेलो, वाटंत लेथचा पट्टा दिसला, घेतला, घरी आलो. लय खुशीत! आन् ती बसलीया तिकडं स्टेशनावर!

भांडली न्हाई वो. माहेरी उंब्रजला जाताना एवढंच म्हणाली, "दसऱ्याला न्यायला या. मी आठवण करणार न्हाई. आलासा तर समजंन, माणूस सुधारतोय." म्हटलं, "आन् न्हाई आलो तर?" तर पिशवी उचलून सरळ एसटीत चढली. ती भांडली न्हाई की मला लय भ्या वाटतं.

मग? लिहून ठेवा! लिवलं की मी! लिवलं म्हणून तर डोक्यातनं काढून टाकलं! आता उंब्रजला जायचं, का साताऱ्याला तिच्या मावशीकडं? तिकडंबी जायचं म्हणत होती. आन् किती वाजता? फोन करून इचारावं, तर ती म्हणणार, "इसरलासा न्हवं?" संपलंच!

शेवटी आई नैवेद्याचं बघायला आत गेली. हात लावायचा न्हाई म्हणाली न्हवं? अगरबत्तीच्या काडीनं पान उलटलं! देवाला हात जोडले, वाचलं, तर काय लिवलेलं? 'नवमीला ज्ञानदाला फोन. कुठं, किती वाजता, ते इचारणे.'

म्हंजी ज्या फोनला मी सकाळधरनं भेत होतो, त्योच करायचा होता! लावला. तर ती, "आवं! आठवणीनं केलासा?" आवाज भरून आला वो तिचा. एवढंसं काम, पण माझ्या हातनं कवा वेळेत झालं न्हवतं.

तिनं जागा सांगितली, वेळ सांगितली, आन् वर डॉक्टरावानी म्हणती, "लिहून ठेवा!" कशावर? डायरी पूजेत, पेन डायरीशेजारी, त्येच्यावर झेंडू! खिशात लोखंडाच्या जॉबवर खुणा करायचा खडू घावला. तळहातावर लिवलं, मूठ झाकली. तवर आतनं आई, "आरतीला चल! आन् ते हात बघ कसले वंगणाचे, धू आधी!" आन् मी… जन्माची सवय वो… साबण लावून धुतले.

आता परत फोन? न्हाई बाबा! मगाशी बोलायच्या भरात मी तुमाला जागा सांगितली काय वो? न्हाई?… नशीब, गाडी धुवायची ऱ्हायली म्हणून ती तेवढी पूजेत न्हाई. वेळबी ध्यानात न्हाई, म्हणून आजच निघतो. आधी उंब्रज लागतं, तिथं न्हाई दिसली तर फुडं सातारा हायच. आज न्हाई आली तर उद्या येईलच की. म्हणंन, "बघ ज्ञानदा, तुझ्यासाठी आदल्या दिसापासनं उभा हाय!"